लाईट गेल्यावरची शर्यत

गच्चीवर वाळत घातलेल्या बनियनवर सकाळी काळे ठिपके दिसले आणि मी ओळखलं, कारखाना सुरू झाला. चिमणीतून उडालेली उसाच्या चिपाडाची ही काजळी दर हिवाळ्यात अशीच न सांगता येते. झटकायला जावं तर पसरते, फुंकर घातली तर उडते. संध्याकाळी मळीचा आंबूस-गोड वास गोदावरीच्या अंगानं गावात शिरतो, धुक्यात मिसळतो, आणि सगळं कोपरगाव गुळाच्या पाकात हलकेच बुडवून काढल्यासारखं होतं. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं डुलत जातात. माझं वय होऊनही या दिवसांत मला काही सुचत नाही. कामाचं बोलता बोलता मी मध्येच चिमणीकडं बघत राहतो.

मागच्या आठवड्यात असाच गच्चीवर बसून मोबाईलवर मोटारींची शर्यत खेळत होतो. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून हा नाद लागला आहे. एकाच रस्त्यावर आम्ही सहा जण. एक गुवाहाटीचा, एकाच्या नावात नुसते आकडे, बाकीचे कुठले कोण जाणे. खेळता खेळता मी कुणावर तरी ओरडलो असेन, कारण फोन लागला तेव्हा पुण्याहून मुलगी मीनल हसत म्हणाली, "बाबा, आईनं सांगितलं तुम्ही परत मोबाईलशी भांडताय. अजून मजा येते का हो तुम्हाला त्यात? खरं सांगा."

"येते की," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि तो 'येते की' माझा मलाच खोटा वाटला. निदान घासाघीस करून दिल्यासारखा वाटला. मी आयुष्यभर जुन्या मालाचा धंदा केला, दुसऱ्याच्या आवाजातली पोकळी मला लगेच ऐकू येते. त्या दिवशी ती माझ्याच आवाजात होती.

खेळ वाईट नाही, हे आधी सांगतो. मोटारी अशा चकाकतात की त्यांत ढग दिसतात. पावसाच्या रस्त्यावर चाकाखालून पाणी उडतं. आमच्या त्या जुन्या चौकोनी मोटारींपुढं हा इंद्राचा दरबार आहे. पण दुसऱ्या वळणावर मागं पडलेला कुणीतरी रागावतो आणि निघून जातो. त्याची मोटार काचेवरच्या वाफेसारखी विरते, आणि लगेच यंत्र आपली एक मोटार तिथं आणून सोडतं. जागा रिकामी राहतच नाही. कोण गेलं, का गेलं, कुणाला विचारायचं? रिकामी खुर्ची समोर असली तर तिच्यावर कोण बसायचं ते तरी आठवतं.

माझ्यासमोर एक खुर्ची पंचवीस वर्षं रिकामी आहे. ती एका जुन्या हिवाळ्यातली.

नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. मी भंगारातून वर आलेला माणूस. आठवडी बाजारात जुन्या सायकली, पाण्याच्या मोटारी, पंखे घेत-विकत धंदा उभा केला. कुणी हात दिला नाही, मीही कुणाकडं मागितला नाही. माझं सगळं शिक्षण एका गोष्टीत झालं: पाठ फिरवणं. भाव जमत नाही असं दिसलं की मी वस्तू खाली ठेवायचो, हात झटकायचो आणि चालू लागायचो. मागं बघायचं नाही, हा नियम. पावलं सावकाश टाकायची. कुठंतरी पाचव्या-सातव्या पावलाला मागून हाक येते, "ओ शेठ, या, या, बोला तुमचं!" हाक कितव्या पावलाला आली त्यावरून समोरच्याची गरज मला कळायची. हाक येणारच, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

अशीच पाठ फिरवून मी नाशकातल्या एका बंद पडलेल्या कचेरीतून चार कॉम्प्युटर आणले. ते कशाला वापरतात, हे मला नीट ठाऊक नव्हतं. पण कोपरगावात ज्याच्या-त्याच्या तोंडी तोच शब्द होता. बाजारपेठेत एका चहाच्या दुकानावर माडी भाड्यानं घेतली, बाहेर पाटी लावली आणि क्लास काढला. चपला जिन्याच्या वरच्या पायरीवर काढायच्या, आत अनवाणी जायचं. धूळ गेली तर यंत्र बिघडतं, असं नाशिकवाल्यानं बजावलं होतं. दसऱ्याला मी चारही पडद्यांच्या कपाळावर हळदीकुंकू लावलं. ते पुढं कधी पूर्ण निघालंच नाही. अक्षरं पिवळसर ठिपक्याखालून सरकत जायची.

शिकवायला सुनीता मॅडम होत्या. गावातल्या बुद्धवाड्यातली मुलगी, नुकतीच पदवीधर झालेली, स्पष्ट बोलणारी. पहिल्याच दिवशी माझ्याशी पगारावर घासाघीस करून जिंकलेली एकमेव व्यक्ती. सकाळ-संध्याकाळ पोरं यायची, दुपारी दोन ते चार मात्र बाजार आळसावलेला असायचा. अशाच एका दुपारी मॅडमनी चारही यंत्रं एका वायरनं जोडली आणि म्हणाल्या, "दिगंबरभाऊ, बसा. आज तुमची मोटार माझ्या पडद्यावर येते की नाही बघू."

मी बसलो. माझ्या पडद्यावर एक रस्ता उगवला, त्यावर माझी निळी मोटार. तिच्या पुढं एक पांढरी मोटार थरथरत उभी. मी मान वळवून बघितलं, त्या मॅडम होत्या. पुन्हा पडद्यात बघितलं, त्याही मॅडमच होत्या. माणूस शेजारी बसलेला आहे आणि तोच लांब रस्त्यावर पुढं चाललेला आहे! छातीत काहीतरी हललं. त्याला काय म्हणावं ते मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आज मोबाईल हातात घेऊनही येत नाही.

चार खुर्च्या होत्या, आम्ही दोघं. तिसरा आला वसंता, समोरच्या कापडदुकानाचा मालक, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या दुकानात 'एकच भाव' अशी पाटी होती आणि ती त्याच्या स्वभावालाही शोभायची. गिऱ्हाईक पायरी उतरलं तर तो थान गुंडाळून फळीवर ठेवायचा. हाक मारायची नाही. मी त्याला म्हणायचो, "तू वाण्याच्या जातीला कलंक आहेस." तो म्हणायचा, "तू भावाला."

चौथा नामदेव, उसाच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. ट्रॉल्या कारखान्याच्या रांगेत लावून नंबर येईपर्यंत त्याला वेळच वेळ असायचा. खाली चहाला यायचा तो आवाज ऐकून वर आला. त्याची हिरवी मोटार कायम खड्ड्यात.

"रोज दोन ट्रॉल्या वढतो मी," तो कपाळावर हात मारून म्हणायचा, "अन् हितं एक मोकळी मोटार सरळ जात न्हाई! मॅडम, हिला वजन न्हाई, म्हनून ही उधळती."

"मग ऊस भरा तिच्यात," मॅडम म्हणायच्या.

त्या दुपारी अशा होत्या की आता आठवल्या तर त्यांना कडा नाहीत. खिडकीतून येणारं मऊ-पिवळं ऊन, खालून चढणारा आल्याचा वास, तापलेल्या यंत्रांचा वास, लांबून एखाद्या ट्रॅक्टरवरचं गाणं येतंय आणि जातंय. चौघांचे डोळे चार पडद्यांत, पाय मात्र एकाच थंड फरशीवर.

आणि मग लाईट जायची.

भारनियमनाला वेळ होती, पण ती वेळ लाईट पाळायची नाही. फट् करून चारही पडदे मिटायचे, पंखा दोन फेऱ्या मारून थांबायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आम्ही उठायला लागलो. नामदेव मात्र काळ्या पडद्याकडं बघत तसाच बसला आणि म्हणाला, "थांबा की. मी आत्ताच खड्ड्यातून भायेर निघालोय."

"लाईट गेलीय, नामदेव."

"लाईट गेली. रस्ता कुठं गेलाय?"

त्या दिवशीपासून आमची तोंडी शर्यत सुरू झाली. पडदा मिटला की जो जिथं होता तिथून पुढं खेळ तोंडानं चालायचा. पाळीपाळीनं प्रत्येकानं सांगायचं, आपली मोटार कुठं आहे, पुढं काय आलं, कोणाला कसं गाठलं. पटेल इतकंच बोलायचं. नाही पटलं तर मॅडम म्हणतील ते शेवटचं.

"मी वळणावर वसंताला मागं टाकलं," मी.

"किती?" मॅडम विचारायच्या.

"दोन मोटारी."

"एक घ्या."

"दीड द्या, मॅडम. टायर नवीन आहेत."

"एक. आणि पुढं चिखल आहे."

वसंता तेवढा घासाघीस करायचा नाही. "मी तिसरा होतो, तिसराच आहे," एवढं सांगून तो गप्प बसायचा. मला त्याचा राग यायचा आणि गंमतही वाटायची.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या अंधारलेल्या पडद्यांत प्रत्येकाचा रस्ता निराळा आहे. नामदेवच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ऊस होता आणि तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांतून धूर निघत होता. मॅडमच्या रस्त्याला डाव्या हाताला समुद्र लागायचा. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण सांगायच्या अशा की मी मान वळवून डावीकडं बघायचो. वसंताचा रस्ता सरळ, स्वच्छ, दोन्हीकडं झाडं. माझा रस्ता कोल्हारच्या पुलावरून जायचा. खाली प्रवरा, वर वारा, लहानपणी बापाच्या सायकलवर पुढं दांडीवर बसून ओलांडलेला पूल. तो मी कुणाला सांगितला नाही. नुसतं म्हणायचो, "पूल आला, हळू घ्या."

लाईट परत आली की यंत्र सगळं विसरलेलं असायचं, शर्यत पहिल्यापासून. कधीकधी लाईट आलेली असूनही आम्ही कोणी बटण दाबायचो नाही. एक जण म्हणायचा, "एवढा घाट उतरू द्या." मग तो घाट उतरेपर्यंत सगळे थांबायचे.

आता तो दिवस. तो सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही, आणि सांगताना अजून कानाच्या पाळ्या तापतात.

हंगाम ऐन भरात होता. शेवटचा फेरा, शेवटचं वळण, वसंताची लाल मोटार आणि माझी निळी अगदी अंगाला अंग लावून. मी मोटार वळवली आणि फट्. लाईट गेली.

"मी पुढं होतो," मी म्हणालो.

"मागं," वसंता म्हणाला.

"अरे, माझं नाक पुढं होतं! बरं, बरोबरीत धर."

"मागं होतास."

"मग असं धर, तू वळणावर घसरलास आणि—"

"दिगंबरभाऊ, घसरलं कोणी नाही," मॅडम म्हणाल्या. "वसंतभाऊ पुढं होते. मी मागून बघत होते."

मी नामदेवकडं बघितलं. तो अंग चोरून म्हणाला, "शेठ, मला तर धूळच दिसत हुती. तुमी दोघं बी माझ्या पुढंच हुता."

मी म्हणतो, काय बिघडलं असतं बरोबरीत धरलं असतं तर? पण वसंता बोटभरही हलला नाही. काळ्या पडद्याकडं बघत शांतपणे म्हणाला, "मागं होतास, दिग्या." त्या शांतपणानं माझं डोकं फिरलं. मी त्याच्या दुकानावर गेलो, त्याच्या पाटीवर गेलो, ज्याला तोंड नाही तोच तुझ्या पायरीवर चढतो म्हणालो. आणखीही बोललो. मग हात झटकून उठलो. "ठेवा तुमचा खेळ! खेळा तुम्हीच!"

आणि पाठ फिरवली.

दारात चपला सावकाश घातल्या. जिन्याला चौदा पायऱ्या. पाचवीवर पाऊल रेंगाळलं. सातवीवर मी कठड्यावरची धूळ पुसली. दहावीवर कान मागं गेले. वर कुणाचा श्वासही ऐकू येत नव्हता. चौदावी संपली आणि मी रस्त्यावर उभा, उन्हात, स्वतःच्याच दुकानातून रुसून बाहेर पडलेला.

हे त्या वेळी लक्षात आलं नाही. मी खालच्या चहावाल्याकडं जिन्याकडं पाठ करून बसलो. थोड्या वेळानं लाईट आली, किटलीशेजारचा रेडिओ बोलू लागला. वर यंत्रं सुरू झाल्याचा आवाज आला नाही. मग जिन्यावर पावलं वाजली. मी ती ओळखली. पावलं खाली आली आणि माझ्या मागं थांबली. एक लांबट सावली बाकावरून माझ्या पेल्यापर्यंत आली. मी किटलीकडं बघत राहिलो. पाठ फिरवलेल्यानं आपण होऊन वळायचं नसतं, सौदा तिथंच फसतो. मी हाकेची वाट बघत होतो. सावली हलली, पेल्यावरून उतरली, रस्ता ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी वसंता आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. समोरासमोर दुकानं, पण त्याची खुर्ची रिकामी आणि माझी मान ताठ. आम्ही तिघं एकदोनदा खेळलो, पण लाईट गेली की कोणी बोलेना. हंगाम संपला, नामदेव ट्रॅक्टर घेऊन गेला. मॅडमना नगरला बँकेत नोकरी लागली, जाताना एवढंच म्हणाल्या, "दिगंबरभाऊ, दहा पावलं चालायला काय हरकत आहे?" मी म्हणालो, "त्याला सांगा." चारही यंत्रं मी विकली. गावातल्या लग्नांत वसंता एका पंगतीत, मी दुसऱ्या. पंचवीस हिवाळे असे गेले. मनात एकच गोष्ट घोळत राहिली: मी उठून गेलो आणि त्यानं हाक मारली नाही.

म्हणून मला या नव्या खेळाबद्दल काय म्हणायचं ते धड म्हणता येत नाही. मजा येते का? येते. गुवाहाटीवाल्याला मागं टाकलं की मी अजून मुठी आवळतो. तो कधी दिसणार नाही, तरी तो आहे, माझ्याच वेळी, माझ्याच रस्त्यावर, एवढ्यानंही एकटं माणूस जरा सैल होतं. वेळ फुकट गेला असं मी म्हणणार नाही. पण तिथं रुसता येत नाही. मी निघून गेलो तर त्याचं काही जात नाही, तो गेला तर माझंही नाही. ज्याच्या जाण्यानं काही अडत नाही, त्याच्याशी जिंकण्यातही मग थोडी हवाच असते. एवढं मीनलला फोनवर कसं सांगायचं? तिनं प्रश्न सहज विचारला होता. मला मात्र तो रात्रंदिवस टोचत राहिला, आणि चार दिवसांनी, दुपारी दोन वाजता, बाजारपेठेत जाऊन मी त्याच्या दुकानासमोरचा रस्ता ओलांडला.

वसंता गादीवर बसून थान मोजत होता. केस गेलेत, चष्मा जाड झालाय. मला बघून मीटर हातातच राहिला.

"ये," म्हणाला. "काय दाखवू?"

"काही नको," मी म्हणालो. बसलो. मग एकदम तोंडातून निघालंच. "तू हाक का मारली नाहीस?"

कोणत्या दिवशीची, असं त्यानं विचारलं नाही. थानाची घडी नीट केली. "जिना तुझा, यंत्रं तुझी, खुर्च्या तुझ्या. 'ठेवा' म्हणून उठून तू गेलास. घरधनी उठून गेल्यावर पाहुण्यानं काय करायचं? तरी खाली येऊन तुझ्यामागं उभा राहिलो. म्हटलं, वळेल. तू वळला नाहीस. मी समजलो, येऊ नको म्हणतोय."

"मी? मी येऊ नको म्हणतोय?"

"पंचवीस वर्षं वाट बघितली, दिग्या. बोलावणं तुझ्याकडून यायचं होतं."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, फळीवरची थानं थरथरली. इतक्या वर्षांत मी हजार सौदे केले, पण त्या दिवशी मी गिऱ्हाईक नव्हतो, दुकान माझं होतं, हे एकदाही मनात आलं नव्हतं. विषय टाळायला मी म्हणालो, "ते जाऊ दे. पण पुढं मीच होतो."

"मागं होतास," तो म्हणाला. त्याच आवाजात.

झालं! तीच आग, तीच कानाची पाळी. मी उठलो, पायरी उतरलो, चालू लागलो. तीन पावलं, चार. काजळीचे ठिपके सदऱ्यावर पडत होते. सात. नऊ. मागं फक्त मीटर फळीवर ठेवल्याचा आवाज आला. वसंता हाक मारणार नाही, हे मला आता पक्कं ठाऊक होतं. त्याला हाक मारताच येत नाही, आणि तो तिथंच बसून राहील, हेही ठाऊक होतं.

चौकात मी थांबलो. एक सायकलवाला घंटी वाजवत वळसा घालून गेला. मग आयुष्यात पहिल्यांदा, कोणी बोलावलेलं नसताना, मी वळलो. दुकानाशी परत आलो. पायरीशी चपला काढल्या, गादीवर त्याच्याशेजारी बसलो. त्यानं थान बाजूला सरकवलं, जागा केली.

"बरं," मी म्हणालो, "मागं होतो. पण थोडाच."

वसंतानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"थोडाच," तो म्हणाला.